बंद पडलेलं बोलिंग ग्रीन: भाजी लावावी की हिरवळ राखावी?

कावेरी (मिडलंड्स, इंग्लंड)
आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत एक बोलिंग ग्रीन आहे. चार वर्षांपासून फाटकाला कुलूप. लॉन बोल्स ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅरमबोर्डासारखी सपाट, चौकोनी हिरवळ, चहूबाजूंनी उथळ नाली, आणि घरंगळताना एका बाजूला वळतील असे मुद्दाम घडवलेले वजनदार चेंडू. ते 'जॅक' नावाच्या लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. साउदॅम्प्टनमध्ये १२९९ सालापासूनचं ग्रीन आजही आहे, इतका हा खेळ इथे मुरलाय.

आमच्या क्लबात शेवटी सात जण उरले, सगळे सत्तरीपुढचे. क्लब बंद झाला, कौन्सिलने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) गवत कापणं थांबवलं. आता जागेचं काय करावं यावर रहिवाशांनी महिनाअखेरपर्यंत मत कळवायचं आहे.

माझं मत: अलॉटमेंट करा, म्हणजे भाजी पिकवायला लोकांना भाड्याने तुकडे द्या. हिरवळ साधारण ४० मीटर बाय ४० मीटर आहे. अलॉटमेंटचा पूर्ण तुकडा २५० चौरस मीटरचा धरतात. पायवाटा सोडून पाच बसतील, अर्धे केले तर दहा कुटुंबांची सोय. मी तीन वर्षं प्रतीक्षायादीत आहे आणि मेथी खिडकीतल्या कुंड्यांत लावते. काल कुंपणावरून डोकावले, तर नालीच्या फळ्या कुजून आत कोसळल्यात, क्लोव्हर घोट्यापर्यंत वाढलंय, आणि गुणफलकावर अजून शेवटच्या सामन्याचे आकडे आहेत, २१–१४. दिवसभर ऊन असलेली एवढी जागा अशी पडून राहिलेली बघून जीव तुटतो.

हिरवळवेडी
कावेरीताई, तळमळ पोचली, पण माझा ठाम विरोध. ग्रीन उगवत नाही, बांधावं लागतं. खाली पाणी निचरायला खडी, तिच्यावर वाळूमिश्रित माती, वर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक पात्याचं गवत. हंगामात ते जेमतेम पाच मिलिमीटर ठेवतात. सप्टेंबरात खेळ संपला की सगळीकडे भोकं पाडायची, वरून वाळू-माती पसरायची आणि झाडूने आत सारायची. मी खेळते त्या दुसऱ्या क्लबात दोन वर्षं हे काम केलंय. पाठ मोडून येते, पण एप्रिलमध्ये त्या गवतावर पहिला चेंडू सोडला की तो शेवटच्या हातभर अंतरात कसा हळू वळतो, ते बघायला तरी या. एकदा कुदळ घातली की पुन्हा ग्रीन बांधायला कुठलंही कौन्सिल पैसे काढणार नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी या खेळाकडे वळले. माझ्या संघात पंधरा वर्षांची मुलगी आहे आणि ब्याऐंशी वर्षांचे आजोबा आहेत, एकाच सामन्यात. असा दुसरा मैदानी खेळ मला दाखवा.

आणि हो, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७–१० हरवून सुवर्ण जिंकलं, ते लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या ग्रीनवर. बागेतलंच ग्रीन! त्याआधी या खेळात भारताला राष्ट्रकुलचं एकही पदक नव्हतं.

दोन लेकरांचा बाबा
पदकाचा आनंद मलाही झाला, पण सात जणांसाठी अख्खी बाग अडवून ठेवायची का? आणि अलॉटमेंट झालं तरी कुलूप राहणारच, फक्त किल्ल्या दहा जणांकडे. माझ्या मुलांचं काय? कडक पृष्ठभागाचं, जाळी लावलेलं छोटं मैदान करा. क्रिकेट, बास्केटबॉल, काहीही खेळू देत. बारा-चौदा वर्षांच्या पोरांना आमच्या गावात संध्याकाळी उभं राहायला जागा नाही. बसस्टॉपवर थांबली तर लोक हटकतात.

हिरवळवेडी
मुलांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण डांबर घालायला बागेत दुसरा कोपरा सापडेल, असं ग्रीन सापडणार नाही.

मातीतला माणूस
भाजीवाल्यांना एक सावधगिरीची सूचना. जुन्या ग्रीनवर गांडुळं नको असत, त्यांच्या मातीच्या ढिगाऱ्यांनी चेंडू अडतो म्हणून. त्यासाठी पूर्वी लेड आर्सेनेट मारायचे, आणि शेवाळ-बुरशीवर पाऱ्याची संयुगं. शिसं, आर्सेनिक, पारा मातीतून आपोआप नाहीसे होत नाहीत. तिथे पालक-मुळा लावण्याआधी प्रयोगशाळेतून माती तपासून घ्याच. दोष सापडलाच तर बाहेरची माती आणून उंच वाफे करावे लागतील, तो खर्च वेगळा. शिवाय ही माती वाळूची, कस कमी. पहिली दोन वर्षं खतच घालत बसाल.

पुण्याहून
लांबून बोलतोय, राग नसावा. वापर काहीही ठरू दे, जागा बागेतच राहील हे आधी लेखी घ्या. आमच्या सोसायटीसमोरची मोकळी जागा आधी "तात्पुरती" पार्किंगला गेली, ती गेलीच. ती जागा भरायला सहा महिने लागले आणि रिकामी करायला बारा वर्षं भांडतोय.

कावेरी
मातीचं मला खरंच माहीत नव्हतं. रात्री झोप लागली नाही, कारण मी शेजारणीच्या नातवंडांना तिथल्या मुळ्याची स्वप्नं दाखवली होती. कौन्सिलला पत्र लिहिलंय. त्यात पहिली मागणी मातीच्या तपासणीची आहे, आणि अहवाल येईपर्यंत कुदळ लावू नये, गवत मात्र कापावं.

पण अलॉटमेंटची मागणी मी सोडत नाही. १९०८च्या कायद्याने इथे सहा नोंदणीकृत मतदारांनी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. माझ्याकडे चार सह्या आहेत. माती वाईट निघाली तर हाच अर्ज बागेच्या मागच्या पट्ट्यासाठी, जिथे जुनी रोपवाटिका होती. आणि 'पुण्याहून' म्हणतात तसं, जागा बागेतच राहील हे वाक्य सगळ्यात वर घातलंय.

हिरवळवेडी
मागच्या पट्ट्यासाठी असेल तर माझी पाचवी सही घ्या, मी तुमच्याच वॉर्डात राहते. ग्रीनसाठी मात्र नाही. आणि बंद क्लबातल्या त्या सात जणांना कुणी विचारलंय का? माझ्याकडे दोघांचे नंबर आहेत. रविवारी त्यांना घेऊन फाटकाशी येते. गवतकापणीची जुनी मशीन कुठे ठेवलीय, ते त्यांनाच ठाऊक असेल.