जाळीच्या गंजाआधी झाकणाचे छिद्र तपासावे

ट्रकच्या डिझेल टाकीच्या तोंडातील जाळी गंजली की ती वायर ब्रशने घासून, रंग मारून पुन्हा बसवावी, असे या जाळीविषयीच्या चर्चेत एकाने सुचवले आहे. घासण्यास हरकत नाही, परंतु रंग मारू नये, कारण साधा रंग डिझेलमध्ये सुटतो आणि त्याचे पापुद्रे फिल्टरमध्ये अडकतात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही टाळावी. थोडी महाग पडली तरी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी.

चर्चेत राहून गेलेला मुद्दा झाकणातील हवेच्या छिद्राचा आहे. डिझेल कमी होईल तशी या छिद्रातून टाकीत हवा येते; ते बुजले की इंजिनापर्यंत डिझेल नीट पोहोचत नाही. आमचा जुना ट्रक सांगली भागात ऊसवाहतूक करतो. एका वर्षी गळीत हंगाम संपल्यावर तो अर्ध्या टाकीनिशी पावसाळाभर उभा राहिला, आणि टाकीतल्या रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन ते वरच्या पत्र्यावर व झाकणाच्या आतल्या बाजूस धरत राहिले. दिवाळीनंतर पहिल्याच खेपेला आष्ट्याच्या रस्त्यावर इंजिन दोनदा बंद पडले. फिल्टर बदलूनही फरक पडेना. शेवटी झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा ‘सूं’ असा स्पष्ट आवाज आला, आणि ते तसेच सैल ठेवून गाडी कारखान्यापर्यंत विनातक्रार गेली. छिद्र गंजाच्या तांबूस भुकटीने पूर्ण बुजले होते. तेव्हापासून हंगाम संपताच मी टाकी जवळपास भरून ठेवतो, झाकणाचे रबरी वायसर बदलतो, छिद्रात बारीक तार फिरवतो आणि पहिल्या खेपेपूर्वी तळाचा ड्रेन प्लग उघडून साचलेले पाणी काचेच्या बाटलीत काढून पाहतो.