शब्दचर्चा: गारचॉम्पची 'चलती', 'दरारा' की 'वचक'?

पोकेमॉन गेममधल्या गारचॉम्प या ड्रॅगनवर मराठीत लिहायला घेतलंय पण एका शब्दावर अडलोय. 'लोकप्रिय' लिहिलं तर नुसता आवडता वाटतो, 'ताकदवान' लिहिलं तर नुसते आकडे. मला म्हणायचंय की समोरच्याकडे हा असणारच असं धरून लोक आपली टीम बांधतात. याला काय म्हणावं?

---

सरळ 'चलती' म्हणा की, सध्या त्याची चलती आहे वगैरे.

---

नाही हो, चलती आज आहे उद्या नाही. पाचिरिसू बघा, एवढीशी खार, बेस स्टॅट्सची (मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज जेमतेम ४०५, पण २०१४ च्या वर्ल्ड्समध्ये (जागतिक स्पर्धेत) 'फॉलो मी' ही चाल वापरून जोडीदारावरचे वार अंगावर घेत राहिली आणि ती टीम जिंकली, मग काय झाली चलती सुरू! (त्याच टीममध्ये गारचॉम्पही होता, त्याचं कुणाला अप्रूप नाही.) आणि लोकप्रिय म्हणाल तर चॅरिझार्ड, पण गेम्सच्या चौथ्या पिढीत 'स्टेल्थ रॉक' (मैदानात येणाऱ्याला टोचणारे दगड पेरून ठेवायची चाल) आल्यावर बिचारा मैदानात पाय ठेवताच अर्धा एचपी, म्हणजे अर्धा जीव, घालवून बसायचा. लोकांचं प्रेम काही कमी झालं नाही, भीती मात्र कुणालाच वाटेना.

---

मग दरारा?

---

दरारा कथेतल्या गारचॉम्पला शोभतो. डायमंड-पर्ल या गेम्समध्ये चॅम्पियन सिंथियाने तो बाहेर काढला की भल्याभल्यांची तंतरायची, तो दरारा. स्पर्धेत मात्र माझं मत 'वचक'ला. त्याचा स्पीड १०२ आहे, आणि त्या काळी सॅलमेन्स, जिराची, झॅपडॉस, सेलेबी असे कितीतरी तगडे गडी नेमके १००वर. म्हणजे फक्त दोनाच्या फरकाने हा सगळ्यांच्या आधी हात उचलणार, वर अटॅक १३०. आइसचा वार चौपट लागतो म्हणून जो तो फक्त याच्यासाठी एखादी आइस मूव्ह घेऊन फिरायचा, तर हा 'याचे' (Yache) नावाची बेरी धरून तो वार निम्मा करायचा. त्यात वाळूचं वादळ असेल तर 'सँड व्हेल' (Sand Veil) या त्याच्या अंगच्या गुणामुळे समोरच्याचा नेम चुकण्याची शक्यता वेगळीच. शेवटी स्मॉगॉनवाल्यांनी (स्पर्धेचे नियम ठरवणाऱ्या खेळाडूंच्या साइटने) उचलून उबर्समध्ये, म्हणजे नेहमीच्या लढतींत बंदी असलेल्यांच्या गटात, टाकला. समोर नसतानाही जो तुमची एक मूव्ह ठरवतो त्याचा वचकच म्हणायचा.

---

पटलं. म्हणजे "गारचॉम्पचा इतर टीम्सवर वचक होता" असं ना? वचक पुल्लिंगीच?

---

हो, तो वचक. बसतो, असतो, राहतो. 'वचक आहे' एवढंच लिहून सोडू नका, कुणावर ते यायला हवं.

---

एक शंका, मेगा गारचॉम्पला (लढतीपुरतं बदललेलं त्याचं रूप) पण वचकच लावायचा का? अटॅक १७० झाला पण स्पीड ९२ वर घसरला, बरेच जण त्याला साधाच ठेवायचे.

---

त्याला 'ताकदवान' खुशाल लिहा 😄