मदत हवी आहे: टर्लिंग्वाच्या कॅल्साइटवरचे पिवळे कण काळे पडले. एग्लेस्टोनाइट हे पाऱ्याचं खनिज असेल का?

नमस्कार मंडळी,

मी ऑस्टिनला राहतो. मार्चमध्ये बिग बेंडला गेलो होतो, तेव्हा टेक्सासातल्या टर्लिंग्वा गावी एका दुकानातून मुठीएवढा कॅल्साइट घेतला. (राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायला बंदी आहे, म्हणून विकतच.) तिथला कॅल्साइट लाँगवेव्ह (लांब लहरींच्या) यूव्हीत, म्हणजे अतिनील प्रकाशात गुलाबी आणि शॉर्टवेव्हमध्ये (आखूड लहरींच्या) निळा चमकतो, लेकीला ती गंमत दाखवायची होती.

घरी भिंगातून पाहिलं तर कपारीत हिंगुळाचा (पाऱ्याच्या खनिजाचा) लाल पट्टा आणि त्याला लागून मोहरीहून बारीक पिवळे कण. दगड खिडकीत ठेवला. दोन आठवड्यांत कण तपकिरी झाले, आता जवळजवळ काळे.

वाचून एवढं कळलं की हिंगुळात बदल होत होत तिथे पाऱ्याची दुय्यम खनिजं तयार झाली, आणि १९०३ साली खनिजतज्ज्ञ मोझेस यांनी तिथल्याच एग्लेस्टोनाइट, टर्लिंग्वाइट व माँट्रॉयडाइट यांचं वर्णन केलं. माझं यातलं कोणतं? आणि पाऱ्याचं काही घरात ठेवावं का? बायको म्हणते, फेकून दे.

प्रतिसाद:
आधी दगड खिडकीतून काढा! टर्लिंग्वाइट गंधकासारखं पिवळं असतं आणि हळूहळू ऑलिव्ह हिरवं होतं. एग्लेस्टोनाइट उजेडात तपकिरी होऊन काळवंडतं. म्हणजे कल त्याच्याकडे. माँट्रॉयडाइट गडद लाल, ते सोडा. पण कॅलोमेल हे पाऱ्याचं आणखी एक खनिजही (हो, पूर्वी जुलाबाला देत तेच) उजेडात काळपटतं. अंधारात यूव्हीखाली कण विटकरी-नारिंगी दिसले तर कॅलोमेलचा संशय घ्या. खात्री मात्र एक्स-रे डिफ्रॅक्शननेच (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची प्रयोगशाळेतली चाचणी).

आम्ल टाकून पाहू नका, तापवू तर मुळीच नका, पाऱ्याची वाफ होईल. फेकूही नका, कचऱ्यात पारा नको. घट्ट झाकणाच्या डबीत, अंधारात, लेकीच्या हाताबाहेर ठेवा. चंदेरी थेंब दिसतो का? अशा नमुन्यांत शुद्ध पाराही असतो.

धागाकर्ता:
आहे एक, सुईच्या टोकाएवढा. मी इतके दिवस ती कॅल्साइटची चकाकी समजत होतो. काचेच्या बरणीत बंद केला. आता लेकीला बरणीबाहेरून यूव्ही दाखवला तर चालेल?

प्रतिसाद:
चालेल. साध्या काचेतून लाँगवेव्ह बऱ्यापैकी जातो, शॉर्टवेव्ह अडतो. तिला गुलाबी दिसेल, निळा नाही.