ओजिएने जेतेपद ढापलं म्हणणाऱ्यांसाठी

शनिपारचा पाहुणा: काल आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं की २०२५ च्या WRC चा, म्हणजे वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप या कार रॅलीच्या जागतिक मालिकेचा, खरा चॅम्पियन ड्रायव्हर एल्फिन इव्हान्सच, सेबास्टियन ओजिएने पार्टटाइम येऊन जेतेपद ढापलं. तिथे भांडलो की अ‍ॅडमिन डाफरतो म्हणून इथे लिहितोय. अरे १४ पैकी ११ रॅल्या केल्या त्याने, म्हणजे तीन ठिकाणी सरळ भोपळा, तरी सहा जिंकल्या आणि शेवटी पॉइंट २९३ विरुद्ध इव्हान्सचे २८९. यात ढापलं काय? इव्हान्सने जिंकल्या दोन, स्वीडन आणि केनियातली सफारी, आणि दोन्हीकडे ओजिए नव्हताच!!

घाटमाथा: सोयीचं तेवढंच सांगताय. पॉइंटात जो पुढे तो शुक्रवारी पहिला सुटतो, म्हणजे मातीच्या रॅलीत सुटी खडी झाडायची त्याने आणि मागच्यांना आयता साफ रस्ता. पोर्तुगाल आणि सार्डिनियात झाडूवाला इव्हान्स, जिंकला कोण? तीन रॅल्या बुडवायच्या, पॉइंट कमी ठेवायचे, मागून निघायचं. मी ताम्हिणीत बाइकवर असतो, वळणावर खडी आली की पुढचं चाक कसं सुटतं ते सोफ्यावर बसून नाही कळायचं.

मुळशीकर: अच्छा, म्हणजे रविवारी सकाळी घाट दणाणून सोडणारे ते तुम्हीच. अवांतर होतंय, होऊ दे. मागच्या पावसाळ्यात असाच एक हिरो आमच्या म्हशींसमोर आडवा झाला, आम्ही उचलला, पाणी पाजलं, आणि शुद्धीवर येऊन पहिला प्रश्न काय तर हेल्मेटवरचा कॅमेरा फुटला का. रॅलीत रस्ता बंद करतात हो, कडेला मार्शल असतात, आमच्याकडे कडेला शाळेची पोरं असतात.

घाटमाथा: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आम्ही फुल गिअर घालून लायनीत जातो. आणि वीकेंडला भजी-कणसं कोणाला विकता तुम्ही लोक?

मुळशीकर: भात लावतो मी, भजी नाही तळत. तोंड सांभाळून बोलायचं.

घाटमाथा: बरं, भजीचं मागे घेतो. हॉर्न न वाजवता वळणावर ट्रॅक्टर घालणाऱ्यांवरही लिहा कधी.

तिसरा गिअर: ताम्हिणीसाठी वेगळा धागा काढा राव. २०२४ ला ह्युंदाईचा ड्रायव्हर नोविल दोनच रॅल्या जिंकून चॅम्पियन झाला, त्याआधी पाच वेळा दुसरा आलेला, पण थांबला नाही. जेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणारा टानाक जपानच्या रॅलीत पुढे असताना रविवारी गाडी बाहेर घालून बसला. इव्हान्सचंही आता पाच वेळा दुसरा येऊन झालं, २०२० ला इटलीतल्या मोंझा रॅलीत बर्फात घसरला तेव्हा कोणती खडी होती? ऐन मोक्याला कच खातो तो, कटू आहे पण आहे.

घाटमाथा: कच खाणारा २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ जपान जिंकत नाही.

तिसरा गिअर: तोपर्यंत टायटलचं प्रेशरच कुठे उरलं होतं त्याच्यावर?

शनिपारचा पाहुणा: चला, पोर्तुगाल दिलं घाटमाथा साहेबांना, खूश? सार्डिनिया मिळणार नाही. तिथे टानाक ओजिएच्याही मागून सुटला, त्याला अजून साफ रस्ता, तरी दुसराच.

घाटमाथा: टानाक ह्युंदाईत होता. गाडीगाडीत फरक असतो एवढं तरी मानाल?

शनिपारचा पाहुणा: मानलं. मग इव्हान्सकडे ओजिएसारखी टोयोटाच होती की.