पहिला ट्रायलोबाइट कोणता घ्यावा? (इंदूर, मर्यादा 2000 रुपये)

तिळकनगरवासी:
पुढील महिन्यात माझ्या भाच्याची मुंज आहे. त्याला दगडांचे भारी वेड असल्यामुळे अस्सल ट्रायलोबाइटचा (समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या कवचधारी जीवाचा) जीवाश्म द्यावा, असे मनात आहे. इंदुरात दुकान सापडले नाही, तेव्हा ऑनलाइनच मागवावा लागेल. बनावट माल कसा ओळखावा, हे जाणकारांनी सांगावे.

रामबागकर:
2000 रुपयांत चार लोकांना दाखवण्याजोगे काही मिळत नाही. मी मोरोक्कोचा काटेरी ट्रायलोबाइट 14000 रुपयांना घेतला असून, घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्यापुढे उभा राहतो. पैसे साठवा आणि एकदाच चांगला घ्या.

दगडवेडा:
काटेरी नमुन्यांतच हातचलाखी फार असते. माझा तुकडा दहापट भिंगाखाली धरला, तेव्हा पाठीच्या वळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले, आणि तापवलेली सुई टेकवताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत. आपण अमेरिकेतील युटा राज्याच्या व्हीलर शेल या खडकथरातील एल्राथिया किंगी जातीचा ट्रायलोबाइट घ्यावा. सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचा हा लहानसा काळा जीव तेथे इतका विपुल सापडतो की, त्याची नक्कल करणे कोणाला परवडत नाही.

खडूफळा:
बाहेरून दगड मागवायचाच कशाला? धार जिल्ह्यात बाघजवळच्या चुनखडकात सागरी जीवाश्म आहेत. भाच्याला तेथेच घेऊन जावे.

दगडवेडा:
सर, तो खडक क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या अखेरच्या काळातला आहे आणि ट्रायलोबाइट तर त्याच्या कितीतरी आधी, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले. माळव्याचा काळा पाषाण म्हणजे त्याहूनही अलीकडचा लाव्हा. भारतात ते पाहायचे तर हिमालयात, उदाहरणार्थ स्पितीकडे, जावे लागेल. शिवाय बाघच्या डायनासोर राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणता येत नाही.

खडूफळा:
मी सहलीविषयी बोलत होतो, उचलण्याविषयी नव्हे. असो. डोके, धड आणि शेपूट अशा तीन भागांमुळे हे नाव पडले, एवढे तरी मुलाला सांगावे.

पलासियाकर:
तसे नाही. मधला कणा आणि त्याच्या दोन बाजू, असे लांबीच्या दिशेने पडणारे तीन खंड नावात अभिप्रेत आहेत. बाकी एल्राथियाच घ्यावा, त्याची नक्कल होत नाही.

दगडवेडा:
हे मी वर लिहिलेच आहे.

रामबागकर:
माझ्या नमुन्यात बुडबुडे नाहीत. मी भिंग लावलेले नाही, परंतु मला खात्री आहे.

तिळकनगरवासी:
सर्वांचे आभार. एल्राथियाच मागवणार होतो. परंतु छायाचित्रे पाहताना भाच्याने मोरोक्कोच्या एका फॅकॉप्सवर (हाही ट्रायलोबाइटच) बोट ठेवले. पावसाळ्यात अंगणातला वाणी किडा हात लावताच वेटोळे करतो, तसा तो गुंडाळलेला आहे. किंमत 3200 रुपये पडली. काल तो हाती आला. भिंगातून डोळ्यांतील भिंगांच्या रांगा वेगवेगळ्या मोजता येतात आणि दगडातली एक बारीक भेग थेट त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली आहे. एका कडेला मात्र डिंकासारखे काही चकाकते. तेवढा भाग दुरुस्त केलेला असावा काय?

दगडवेडा:
भेग सलग असणे हे चांगले लक्षण आहे. अंधारात अतिनील विजेरी मारून पाहा. पुष्कळ डिंक तिच्या उजेडात चमकतात. सुई मात्र लावू नका.

रामबागकर:
ती विजेरी कोठे मिळते?