'आकारिक मूल्यमापन'मधला 'आकारिक' म्हणजे काय?

प्रश्न : शिक्षक मंडळींच्या बोलण्यात 'आकारिकचे गुण भरायचे राहिलेत' असं सारखं कानावर पडतं. हा 'आकारिक' कुठला? मला तर कर-आकारणीच आठवते.

प्रतिसाद : आठवणारच. बिलातला 'स्थिर आकार' आणि कुंभाराच्या चाकावरचा आकार, शब्द एकच. इथला आकार कुंभाराचा. इंग्रजी 'फॉर्मेटिव्ह'साठी 'आकारिक' आणि 'समेटिव्ह'साठी 'संकलित' हे प्रतिशब्द रूढ झाले. मूळ जोडी मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये वापरली ती अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी ती मुलांच्या शिकण्याला लावली. माती ओली आहे तोवर जे पाहायचं आणि पाहून लगेच हात लावायचा, ते आकारिक. भाजून झाल्यावर टिचकी मारून पाहतो, ते संकलित.

म्हणूनच 'आकारिकचे गुण' हा प्रयोग मला खटकतो. ४०३ − १५८ चं उत्तर एका मुलाने ३५५ लिहिलं. शून्य गुण दिले की विषय संपला. पण उत्तराकडे नीट पाहा : ८ मधून ३, ५ मधून ०, ४ मधून १. प्रत्येक घरात तो मोठ्यातून लहान अंक वजा करतोय, वर कोण नि खाली कोण याची पर्वा न करता. त्याला वजाबाकी येते, हातचा घेणं येत नाही. त्यातही मधलं शून्य ओलांडून. आणखी वीस गणितं घालून हे सुटणार नाही. शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक, त्यातला एक दशक सोडून दहा एकक, हे काड्या घेऊन त्याच्याकडूनच करवून घ्यावं लागेल. मग ५०२ − २६७ देऊन पुन्हा पाहायचं.

प्रश्न : म्हणजे आकारिक चाचणी वेगळी असते?

प्रतिसाद : नाही, आणि घोळ इथेच आहे. विशेषण चाचणीला चिकटवलं जातं, खरं तर ते वापराचं आहे. तोच पेपर गुणपत्रकात गेला की संकलित. त्यावरून उद्याचा तास बदलला तर आकारिक. वर्गात विचारलेला एखादा तोंडी प्रश्नसुद्धा आकारिक असतो, त्याची नोंद कुठेही नसली तरी.

दुसरा प्रतिसाद : 'घडणकालीन' म्हटलं असतं तर अर्थ पटकन कळला असता. 'आकारिक' ऐकून अनेकांना 'औपचारिक'च वाटतं, म्हणजे जवळजवळ उलटं! पण रुळलेला शब्द आता कोण हलवणार? माझी तक्रार खरं तर 'उपचारात्मक अध्यापन' (मूल जिथे अडलं ते पुन्हा शिकवणं) या शेजारच्या शब्दाबद्दल आहे. आधी 'नैदानिक चाचणी' (कुठे अडलं ते शोधणारी), मग 'उपचार' : मुलाला हातचा येत नाही म्हणून थेट रुग्ण करून टाकलं. शिकण्यातल्या अशा जागेला 'कच्चा दुवा' म्हणावं. मूल कच्चं नव्हे, दुवा कच्चा.

पहिला प्रतिसाद : 'कच्चा दुवा' आवडला. मात्र 'निदान' राहू द्या. मराठीत त्याचा 'कमीत कमी' असाही अर्थ आहे, आणि शून्य देण्याआधी निदान एवढं तरी पाहायला हवं.