मदत हवी आहे: प्रौढ रुग्णाच्या मानेतील जन्मजात गाठ, तिच्यातून निघणारा बारीक मार्ग पायरीफॉर्म सायनसपर्यंत (स्वरयंत्राशेजारचा घशातील खळगा)

वय ४२. मानेच्या डावीकडे, थायरॉइडच्या वरच्या टोकाजवळ गाठ. दोनदा पू झाला, चीर देऊन काढला, पुन्हा भरला. आतला मार्ग शाबूत असताना तो भरणारच. सूज उतरल्यावर ६ आठवड्यांनी बेरियम गिळवून एक्स-रे काढला (आधी केल्यास सुजेने मार्ग दबून दिसत नाही). पायरीफॉर्म सायनसच्या तळाशी बारीक मार्ग दिसतो. सुईच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी नाहीत. या वयात ते आधी पाहायलाच हवे.

दुर्बिणीतून मार्गाचे आतले तोंड डागून भागेल, की मानेतून पूर्ण मार्ग काढावा? तसे केल्यास थायरॉइडचा लगतचा भागही काढता का? ऊती चिकटलेल्या असणार, त्यामुळे रिकरंट लॅरिंजियल नर्व्हची (स्वरयंत्र हलवणारी नस) फार काळजी वाटते. दुर्बिणीतून मार्गात बारीक कॅथेटर (नळी) सरकवून मग मान उघडण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.